पाऊस, वारा आणि घरचें इंटरनेट

मृगाचा पहिला पाऊस पडला कीं आमच्याकडे दोन तक्रारी नेमानें ऐकूं येतात. पहिली अंगणांतील चिखलाची. ती फार जुनी आहे. दुसरी अलीकडची, ती अशी कीं, "पाऊस आला आणि इंटरनेट गेलें." मुलें माडीवरून ओरडतात, आई स्वयंपाकघरांतून विचारते, वडील राउटर बंद करून पुन्हां चालू करितात, आणि शेवटीं सर्वांचें एकमत होतें कीं दोष पावसाचा. हा निकाल खरा कीं खोटा, आणि खरा असल्यास कितपत खरा, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. विषय दिसावयास लहान आहे. परंतु विद्यार्थ्यांचा अभ्यास, प्रवेशाचे अर्ज, बँकेचे व्यवहार आणि दूरदेशीं गेलेल्या मुलाशीं आईचें बोलणें, हीं सर्व आज एका बारीक तारेवर अवलंबून आहेत. म्हणून ती तार केव्हां व कां दगा देते, हें समजून घेणें प्रत्येक घराचें काम झालें आहे.

प्रथम आमच्याच घरीं घडलेली गोष्ट सांगतों. गेल्या पावसाळ्यांत आमच्या पुतण्यास अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज इंटरनेटवरून भरावयाचा होता, व तो दिवस शेवटचा होता. सायंकाळीं वादळी पाऊस आला आणि भिंतीवरील यंत्राचा तांबडा दिवा लुकलुकूं लागला. महिन्याभरांत असें चौथ्यांदा झालें होतें. मोबाइलवरही त्या वेळीं पान उघडेना. आमचा संयम सुटला. कंपनीच्या माणसाशीं आम्ही दूरध्वनीवरून नको तितक्या कठोरपणें बोललों. मुलगा बिचारा छत्री घेऊन दोन गल्ल्या पलीकडील एका स्नेह्यांच्या घरीं गेला व तेथें त्यानें अर्ज कसाबसा वेळेंत भरला.

त्याची धाकटी बहीण आठवींत आहे. तिनें कोणास कांहीं न सांगतां एका वहींत चार रकाने आंखले: तारीख, पाऊस, वारा व तांबडा दिवा. पंधरा दिवसांनीं तिनें ती वही आमच्यापुढें ठेविली. मुसळधार पाऊस पण वारा मुळींच नाहीं, अशा पांच दिवशीं दिवा हिरवाच राहिला होता. पाऊस नाहीं पण सोसाट्याचा वारा, अशा दोन दिवशीं मात्र तो तांबडा झाला होता. "काका, दोष पावसाचा नाहीं, वाऱ्याचा आहे," असें ती म्हणाली. तिचें म्हणणें कितपत बरोबर होतें तें पुढें येईलच. तत्पूर्वीं आपल्या घरापर्यंत इंटरनेट येतें कसें, हें पाहूं.

घराकडे येण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला तांब्याच्या तारेचा, दुसरा कांचेच्या तंतूचा व तिसरा बिनतारी लहरींचा. हे तिन्ही मार्ग हवामानाशीं तीन निरनिराळ्या प्रकारांनीं वागतात. आणि "पावसानें इंटरनेट गेलें" या एकाच वाक्यांत आपण या तिन्हींची गल्लत करितों.

तांब्याचा मार्ग सर्वांत जुना. जुन्या टेलिफोनच्या दोन पिळलेल्या तारांवरूनच पुष्कळ वर्षें घरोघर इंटरनेट येत असे, व कांहीं ठिकाणीं तें अद्याप येतें. या तारेंतून विजेचे अतिशय जलद कंप जातात. साध्या प्रकारांत ते दर सेकंदास सुमारें ११ लक्षांपर्यंत असतात. तारेवरील आवरण अखंड असेल तोंवर पाऊस कितीही पडो, त्यास फारशी बाधा होत नाहीं. परंतु आवरणास चीर पडली, किंवा रस्त्याकडेच्या पेटींतील जोड उघडा राहिला, कीं पाणी आंत शिरतें. अगदीं शुद्ध पाण्यांतून वीज कष्टानेंच वाहते. पण धूळ व क्षार मिसळलेल्या पाण्यांतून ती सहज वाहते. मग एका तारेंतील वीज दुसरींत पाझरूं लागते. टेलिफोन कानास लाविला कीं खरखर ऐकूं येते, ती हीच. मोडेम हें यंत्र अशा गोंगाटांत आपला वेग कमी करून घेतें, किंवा पुनःपुन्हां संबंध तोडून नव्यानें जोडूं पाहतें. ऊन पडून जोड वाळला म्हणजे सर्व पूर्ववत् होतें आणि मंडळी तक्रार विसरतात. परंतु आंत तांब्यावर हिरवा कळंक चढलेला असतो, व पुढच्या पावसांत तेंच दुखणें अधिक जोरानें उलटतें. उन्हाळाही या तारेस थोडा जाचतो. हवा १० अंशांनीं तापली कीं तांब्याचा रोध सुमारें ४ टक्क्यांनीं वाढतो. जवळच्या घरास याचा उपद्रव जाणवत नाहीं. लांबच्या घरास, जेथें संदेश आधींच क्षीण होऊन पोहोंचतो, तेथें तो जाणवूं शकतो.

दुसरा मार्ग कांचेचा. यास सामान्यतः फायबर म्हणतात. येथें वीज नव्हे, प्रकाश प्रवास करितो. वांकड्या मार्गानें प्रकाश कसा नेतां येईल, याचा एक सुंदर प्रयोग इंग्लंडांत जॉन टिंडल या शास्त्रज्ञानें १८५४ सालीं करून दाखविला. पाण्याची धार भांड्यांतून खालीं वळून पडत असतां तिच्या आंत सोडलेला प्रकाशही धारेबरोबर वळतो, हें त्यानें लोकांस दाखविलें. पुढें १९५४ सालीं, पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं आपले गुरु हॉपकिन्स यांच्यासह कांचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र नेऊन दाखविलें. १९६६ सालीं चार्ल्स काओ यांनीं असें प्रतिपादिलें कीं कांच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यांतून संदेश दूरवर नेतां येतील; त्याबद्दल त्यांस २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजची कांच इतकी निर्मळ असते कीं योग्य जातीचा प्रकाश तिच्यांतून १५ किलोमीटर गेला तरी त्याचा सुमारें अर्धा भाग शिल्लक राहतो.

हा तंतु एका मिलीमीटराच्या आठव्या भागाइतका जाड असतो, आणि त्याच्या गाभ्यांतील ज्या वाटेनें प्रकाश जातो ती वाट तर मिलीमीटराच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद असते. हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून तुटलेल्या तंतूच्या टोंकांत डोकावून पाहणें हें डोळ्यांस घातक आहे, हें मुलांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. आतां पावसाचें काय? कांच भिजल्यानें प्रकाश अडत नाहीं. विजेच्या कडकडाटानें तारेंत जो गोंगाट उत्पन्न होतो, तोही कांचेंतील प्रकाशांत उत्पन्न होत नाहीं. म्हणजे नुसता पाऊस फायबरचा शत्रु नव्हे. मग फायबर पावसाळ्यांत बंद कां पडतें? कारण पाऊस एकटा येत नाहीं. त्याच्याबरोबर वारा येतो, झाडाची फांदी येते, खांब कलतो, रस्ता खचतो, आणि खड्डा बुजविण्यास आलेलें यंत्र जमिनीखालची केबल तोडून जातें.

याशिवाय कांचेचा एक नाजूक स्वभाव आहे. तंतु हलकेच वळविला तर प्रकाश वळतो. पण तो एकदम मुरडला तर त्या मुरडीपाशीं प्रकाश बाहेर निसटतो. आमच्या घरीं हेंच झालें होतें. कंपनीचा कामगार आला, तेव्हां पुतणीनें त्यास आपली वही दाखविली. त्यानें ती लक्षपूर्वक वाचली व तो सरळ खिडकीकडे गेला. बाहेर लोंबणारी केबल दिसावयास वाईट, म्हणून आम्हींच ती एप्रिल महिन्यांत सुतळीनें खिडकीच्या गजास घट्ट आवळून बांधिली होती. वारा सुटला कीं खांबाकडील केबल ताणली जाई, गजापाशीं तीस तीव्र मुरड पडे, आणि प्रकाश तेथेंच सांडून जाई. वारा पडला कीं मुरड सैल होई व दिवा हिरवा होई. कामगारानें सुतळी कापली, केबलीस वाटोळें सैल वेटोळें दिलें, आणि त्यानंतर तो दिवा तांबडा झाला नाहीं. आमच्या कठोर शब्दांचा त्यानें उल्लेखही केला नाहीं. त्याचें मौन आम्हांस अधिक लागलें. आम्हीं त्याची क्षमा मागितली, हें येथें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे.

आतां तिसरा मार्ग. राउटरपासून आपल्या मोबाइलपर्यंत, मोबाइलपासून मनोऱ्यापर्यंत, आणि उपग्रहापासून छपरावरील थाळीपर्यंत संदेश बिनतारी लहरींवरून जातो. लहरींचें व पावसाचें नातें लहरींच्या लांबीवर अवलंबून असतें. घरांतील वायफायच्या लहरी दर सेकंदास सुमारें २४० कोटी किंवा ५०० कोटी कंपांच्या असतात. त्यांची लांबी अनुक्रमें सुमारें साडेबारा व सहा सेंटीमीटर. पावसाचा थेंब फार तर पांच-सहा मिलीमीटरांचा. समुद्राची मोठी लाट जशी लहानशा खुंटास न जुमानतां पुढें जाते, तशा या लहरी थेंबांमधून बहुतेक सुखरूप निघून जातात. म्हणून "पावसामुळें घरांतील वायफाय मंद झालें" हें म्हणणें बहुधा निराधार असतें.

परंतु कंप दर सेकंदास १,००० कोटींच्या पलीकडे गेले म्हणजे लहरी इतक्या आंखूड होतात कीं थेंब त्यांस शोषूं व विखरूं लागतात. छपरावरील थाळीनें दूरदर्शनचे कार्यक्रम पाहणाऱ्या घरांस हा अनुभव आहेच. ते संदेश १,२०० कोटींच्या आसपासच्या कंपांवर येतात, व जोराची सर आली कीं चित्र थिजतें. येथें दिवसभरांत एकंदर पाऊस किती पडला याला महत्त्व नाहीं, तर त्या क्षणीं तो किती जोरानें पडत आहे याला आहे. दिवसभर बारीक झड लागली तरी चित्र टिकतें; वळिवाची दहा मिनिटांची सर तें घालविते. मोबाइलचे मनोरे एकमेकांशीं जेथें फायबरऐवजीं अशाच आंखूड लहरींनीं जोडलेले असतात, तेथें मोबाइलवरील इंटरनेटही मुसळधार पावसांत मंदावतें. अशा आंखूड लहरींचे प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास केले होते; त्यांच्या लहरी अवघ्या कांहीं मिलीमीटरांच्या होत्या. त्या काळीं ज्या केवळ प्रयोगशाळेंतील नवल होत्या, त्याच जातीच्या लहरी आज मनोऱ्यांवरून बोलत आहेत.

या दोषांतूनही बुद्धिमान माणसांनीं गुण काढिला आहे. थेंबांमुळें लहर किती क्षीण झाली हें मोजतां येतें. मग त्यावरून वाटेंत पाऊस किती पडला हें कां काढतां येऊं नये? इस्राएलांतील तेल अवीव विद्यापीठाच्या हागित मेसर व त्यांचे सहकारी यांनीं मोबाइलच्या मनोऱ्यांमधील लहरींवरून पाऊस मोजतां येतो असें २००६ सालीं दाखविलें. जो अडथळा म्हणून आपण कुरकुरतों, तोच त्यांस पर्जन्यमापक वाटला.

येथवर तीन मार्ग झाले. परंतु पावसाळ्यांतील पुष्कळशा खोळंब्यांचें मूळ या तिहींपैकीं कोठेंच नसतें; तें असतें घरांतील व गल्लींतील विजेच्या पुरवठ्यांत. जुना टेलिफोन घरची वीज गेली तरी चालत असे, कारण त्यास लागणारी ४८ व्होल्टांची वीज टेलिफोनच्या कचेरींतील बॅटऱ्यांकडून त्याच तांब्याच्या तारेंतून येत असे. कांचेंतून वीज येत नाहीं. त्यामुळें घरांतील दिवे गेले कीं फायबर अखंड असूनही यंत्र मुकें होतें. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर केबलवाल्याचें यंत्र असेल, तर तेथील वीज जातांच साऱ्या गल्लीचें इंटरनेट जातें, मग आपल्या घरीं दिवे असोत वा नसोत.

हें सर्व केवळ तर्कानें सांगितलेलें नाहीं. अमेरिकेंतील मेरीलँड विद्यापीठाचे शुल्मन व स्प्रिंग यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, वादळाची सूचना असलेल्या प्रदेशांतील घरगुती जोडण्यांस वारंवार हांक मारून त्या उत्तर देतात कीं नाहीं हें पाहिलें होतें. निरभ्र हवेच्या मानानें साध्या पावसांत जोडणी बंद पडण्याचा संभव सुमारें दुप्पट, व मेघगर्जनेसह येणाऱ्या वादळांत चौपट आढळला. म्हणजे लोकांची तक्रार अगदींच खोटी नाहीं. मात्र तिचें कारण लोक समजतात तें नेहमींच नसतें.

हवामानाचा खरा कोप म्हणजे काय, हें कोंकणानें ३ जून २०२० रोजीं पाहिलें. त्या दिवशीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० ते ११० किलोमीटर व त्याचे झोत १२० पर्यंत होते. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब उन्मळले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. कित्येक गांवांत वीज येण्यास आठवडे लागले. त्याच वर्षीं साथीमुळें मार्च महिन्यापासून शाळा बंद होत्या व अभ्यास मोबाइलवर चालावयाचा होता. ज्या मुलांस शाळेची इमारत नव्हती, त्यांचे वर्गही वादळानें नेले. अशा प्रसंगीं कंपनीस बोल लावणें किंवा राउटर चालू-बंद करणें, दोन्ही सारखेंच व्यर्थ. तेथें खांब उभे करणाऱ्या हातांचीच वाट पाहावी लागते.

विजेविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. आकाशांतील वीज दूर पडली तरी विजेच्या व टेलिफोनच्या तारांतून तिचा धक्का घरांतील यंत्रांपर्यंत येऊं शकतो. कांचेचा तंतु वीज नेत नाहीं हें खरें. पण कित्येक केबलींत बळकटीसाठीं पोलादी तार घातलेली असते, आणि राउटर तर भिंतींतील विजेशीं जोडलेलाच असतो. म्हणून आभाळ गडगडण्यापूर्वींच प्लग काढून ठेवावा. वादळ डोक्यावर आल्यावर तारेस हात लावूं नये. दोन हजारांच्या यंत्रासाठीं जीव धोक्यांत घालणें शहाणपणाचें नव्हे. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजावे. ध्वनीस एक किलोमीटर येण्यास सुमारें तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर वीज आपल्यापासून दहा किलोमीटरांच्या आंत आहे असें समजून घरांतच राहावें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें तयार केलेलें 'दामिनी' हें मोबाइलवरील साधनही विजेची आगाऊ सूचना देतें.

आमचे वाडवडील आगोटीपूर्वीं कौलें चाळीत, पन्हळी साफ करीत व सरपण आंत घेत. त्याच यादींत आतां घरच्या तारेचीही भर घालावी. केबल भिंतींत शिरण्यापूर्वीं तीस खालच्या बाजूस थोडा झोळ द्यावा, म्हणजे पागोळीचें पाणी तारेवरून घरांत न येतां झोळाच्या तळाशीं गळून पडेल. भिंतीचें भोंक बुजवून घ्यावें. तार कोठेंही आवळून बांधूं नये, व तिला तीव्र मुरड पडूं देऊं नये. तीवर लोंबणाऱ्या फांद्या मे महिन्यांतच छाटून घ्याव्या; मात्र फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर तें काम वीज कंपनीच्या माणसांकडून करवावें. राउटर उन्हांत, ओलाव्यांत वा बंद कपाटांत ठेवूं नये. बेताची बॅटरी घेणें शक्य असल्यास ती घ्यावी; फायबरला बहुतेक वेळां तेवढ्यानें निभावतें. आणि महत्त्वाचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत ठेवूं नये. हा नियम इंटरनेटपेक्षां जुना आहे, पण पावसाळ्यांत त्याचें मोल अधिक कळतें.

यापलीकडे, विद्यार्थिमित्रांनो, आमच्या पुतणीची ती चार रकान्यांची वही आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. आम्ही वडील माणसें चार वेळां रागावलों व चारही वेळां पावसास शिव्या दिल्या. तिनें पाऊस व वारा वेगळे करून पाहिले, आणि त्यांपैकीं कोणता असतांना दोष उद्भवतो व कोणता नसतांनाही उद्भवतो, हें नोंदविलें. शास्त्र म्हणतात तें याहून फार निराळें नाहीं. तिच्या वहीनें एक केबल सुधारली, आणि खांबावर भिजत चढणाऱ्या एका माणसावरचा आमचा अन्यायही दूर केला. यंदा आभाळ भरून येईल आणि तांबडा दिवा लागेल, तेव्हां रागावण्यापूर्वीं आपणही वही उघडावी, एवढीच आमची सूचना.